बळकट धागा, अल्पायुषी कापड

वीस किलोमीटर उंचीवर महिनोन्महिने एका जागी ठाण मांडणाऱ्या एअरशिपसाठी गेली वीस-पंचवीस वर्षे कापड घडवले जात आहे. या वाटचालीचा हिशेब मांडला तर दिसते की बळकट धागा लवकर सापडला. घोडे अडले ते कापडाच्या टिकण्यापाशी. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की घनमीटरभर हेलियम जेमतेम 75 ग्रॅम पेलतो. जपानी संशोधकांनी झायलॉन धाग्यापासून केलेले थरदार कापड चौरस मीटरला 157 ग्रॅम भरले आणि त्याच्या सेंटिमीटरभर रुंद पट्टीने 997 न्यूटन, म्हणजे शंभर किलोंचा ताण सोसला. तरी त्याच्या चौरस मीटरभर तुकड्याला नुसते तरंगत ठेवायलाच दोन घनमीटर हेलियम लागतो.

झायलॉनला ऊन आणि दमटपणा मानवत नाही. 2005 मध्ये अमेरिकेत त्याच्या चिलखतांची मान्यता गेली ती यामुळेच. मंगळावर 1997 मध्ये उतरलेल्या पाथफाइंडरच्या एअरबॅगमधला व्हेक्ट्रान धागाही अतिनील किरणांपुढे दुबळा पडतो. म्हणून विणीवर ऊन अडवायला टेडलार या प्लास्टिकचा पापुद्रा, वायू अडवायला पॉलिएस्टरची फिल्म आणि मध्ये पॉलियुरेथेनचा चिकट थर द्यावा लागतो. प्रत्येक थराने वजन वाढते, बळ फारसे नाही. त्यातून सांध्यावर सगळा ताण चिकट थरातून पलीकडे जातो; दिवसा तापून तो मऊ पडला की सांधा जोडणारी पट्टी हळूहळू सरकू लागते.

यावर कोणी म्हणेल, फसली ती यंत्रणा, कापड नव्हे. जुलै 2011 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनहून निघालेली हेल-डी ही एअरशिप 60 हजार फुटांऐवजी 32 हजारांच्या आसपासच बिघडून उतरवावी लागली, हे खरेच. पण उड्डाणे अशी तासांत आटोपतात, तेव्हा कापडाच्या आयुष्याची परीक्षा होतच नाही. दुसरा आक्षेप लून या उंचावर तरंगणाऱ्या फुग्याचा: साध्या पॉलिथिलीनचा तो फुगा 312 दिवस टिकला. मात्र फुगा वाऱ्याबरोबर जातो, एअरशिपला वाऱ्याशी झुंजायचे असते. त्यासाठी आकार ताठ हवा, आणि आतला दाब किंवा घेर वाढला की कापडावरचा ताणही वाढतो.

भारताच्या डीआरडीओने 3 मे 2025 रोजी श्योपूरहून सुमारे 17 किलोमीटर उंचीवर एअरशिपची 62 मिनिटांची चाचणी केली. सुरुवात चांगली आहे. पुढच्या कापडाची किंमत मात्र कोऱ्या नमुन्याच्या बळावर ठरवू नये. वर्षभर ऊन खाल्लेल्या सांध्यात किती बळ उरले, यावर ठरवावी.