समीकरण वाचता आले पाहिजे



गणितात समीकरणांचा धडा आला की अनेकांची गाडी अडते. आकडे होते तोवर ठीक होते. हे क्ष आणि य कशाला, ते उमगत नाही. मग उदाहरणे पाठ केली जातात आणि परीक्षेनंतर विसरलीही जातात. आम्ही गणिताचे शिक्षक नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. परंतु कर्जाचे कागद रोज हाताळताना एक गोष्ट आम्हांला पटली आहे : समीकरण हे एक वाक्यच असते. ते लिहिता यावे आणि वाचताही यावे.

माहीत नसलेल्या संख्येला नाव देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या 'बीजगणित' ग्रंथात तिला 'यावत्-तावत्', म्हणजे 'जितके तितके', म्हटले. अशा संख्या अधिक असतील तर काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे दिली. क्ष आणि य हे त्याच कामाचे.

आता एक व्यवहार घेऊ. कोणी १०,००० रुपये 'शेकडा तीन'ने घेतले. म्हणजे दरमहा शंभराला तीन, एकूण ३०० रुपये व्याज. क्ष महिन्यांनी सगळी रक्कम एकदम फेडायची असेल तर देणे य किती?

य = १०,००० + ३००क्ष

यातील १०,००० हा पहिल्या दिवशीचा आकडा. तो बदलत नाही. ३०० हा दर महिन्याची वाढ सांगतो. आलेखावर ही सरळ रेषा येते, म्हणूनच याला रेषीय समीकरण म्हणतात. वाढीचा आकडा जितका मोठा, तितकी रेषा उभी चढते.

दुसरीकडे तेवढेच कर्ज वर्षाला १२ टक्के सरळव्याजाने मिळते, पण सुरुवातीचा खर्च ५०० रुपये आहे. महिन्याचे व्याज १०० रुपये. म्हणून,

य = १०,५०० + १००क्ष

घाईतला माणूस म्हणतो, ५०० रुपये वर कशाला द्यायचे? 'तीन' आणि 'बारा' ऐकून तर पहिलेच कर्ज त्याला स्वस्त वाटते. पण तीन महिन्याचे आहेत, बारा वर्षाचे. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के! दोन्ही समीकरणे समान मांडली तर २००क्ष = ५००, म्हणजे क्ष = अडीच. अडीच महिन्यांनी दोन्हींकडे देणे १०,७५० होते. त्याआधी फेडणार असाल तर पहिले कर्ज स्वस्त, नंतर दुसरे. वर्षअखेर पहिल्याचे १३,६०० होतात, दुसऱ्याचे ११,७००. फरक १,९०० रुपयांचा!

मात्र व्याजावर व्याज लागले, तर रेषा सरळ राहत नाही, वर वळते. हप्त्याने फेडले तर मुद्दल घटते आणि हिशोब निराळा होतो. तसेच इथे क्ष उणे घेण्यात अर्थ नाही. कर्ज घेण्यापूर्वी व्याज कसले?

समीकरण लिहिताना एक चूक हमखास होते. 'एका शिक्षकामागे ४० विद्यार्थी' हे वाक्य पुष्कळ जण शब्दांच्या क्रमाने ४०व = श असे लिहितात. इथे व म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या आणि श म्हणजे शिक्षकांची. आता व = ४० घालून पाहा; शिक्षक १,६०० होतात! बरोबर रूप व = ४०श. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, तिची संख्या. लिहून झाल्यावर एखादा सोपा आकडा घालून पाहिला की चूक लगेच पकडता येते.

तेव्हा मित्रहो, समीकरण दिसताच तीन प्रश्न विचारा. क्ष म्हणजे काय, आणि तो कशात मोजला आहे? सुरुवातीचा आकडा कोणता? दर पावलागणिक वाढ किती? आणि पालकांना विनंती, की घरात कर्जाचा कागद आला तर सहीपूर्वी तो मुलामुलींसमोर ठेवावा. त्यांनी हे तीन प्रश्न विचारले आणि उत्तरे वहीवर मांडली, तर धडा समजेल आणि घरचा पैसाही वाचेल.