आभाळातली आग ओळखायची कशी?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटत्या तुकड्यांची रांग सरकत गेली. कोणी तिला उल्का म्हटलं, कोणी क्षेपणास्त्र, कोणी कोसळणारं विमान. भंडाऱ्याला लागूनच असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं सापडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३ बी’ रॉकेटचे हे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. पण कडं सापडण्याआधीही, नुसत्या डोळ्यांना जे दिसलं त्यावरून उत्तराच्या बरंच जवळ जाता येत होतं.

उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा क्षणात विझते. मोठी असली तरी काही सेकंदच टिकते. रॉकेटचा निकामी टप्पा पावणेआठ-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवाच वातावरणात शिरतो. म्हणून तो बराच वेळ दिसतो आणि त्याचे तुटलेले तुकडे एकाच वाटेने, एकामागोमाग जळत जातात. ‘पण ते तर आमच्या शिवारापलीकडेच पडलं’, असं अशा वेळी प्रत्येक गावाला वाटतं. डोळ्यांची ही फसगत स्वाभाविक आहे: ८० किलोमीटर उंचीवरची आग हजारेक किलोमीटरवरूनही क्षितिजाशी दिसू शकते.

हे तज्ज्ञांचं काम, आपण कशाला लक्ष द्यायचं, असं कोणी म्हणेल. पण अनियंत्रित टप्पा नेमका कधी, कुठे पडेल याच्या अंदाजात तासांची चूक राहते, आणि तासाभरात तो सत्तावीस हजारांवर किलोमीटर कापतो. तिथे बघणाऱ्यांची नोंदच उपयोगी पडते. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर आणि पवनी या एकमेकांपासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या दोन गावांतून एकाच क्षणाची दिशा आणि उंची कळली, तर त्या वस्तूची जागा गणिताने काढता येते. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते. तेवढं माप पुरे. व्हिडिओ काढताना झाड किंवा टॉवर चौकटीत घ्यावा, नाहीतर काळ्या पडद्यावरच्या ठिपक्यांवरून काहीच मोजता येत नाही. पडलेल्या वस्तूला हात न लावता पोलिसांना कळवावं. आणि ‘क्षेपणास्त्र पडलं’ असा मेसेज पुढे ढकलण्याआधी वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसलं, एवढं लिहून ठेवावं. अफवेला खोडून काढायला हे तीन आकडे पुरेसे असतात.