धुराचा हिशेब धुऱ्यावर

मार्च-एप्रिलमध्ये नागपूरहून पेंच, नागझिरा किंवा गडचिरोलीकडे निघालात, की सागाच्या जंगलात पायाखाली पाचोळा करकरतो. मोहफुले वेचायला झाडाखालची जागा मोकळी हवी, तेंदूला नवी पालवी फुटावी, म्हणून कुणी काडी लावतो आणि वणवा पसरतो. धूर वाऱ्यावर निघून जातो. मग त्यातले प्रदूषण किती, हे सांगतात कसे?

धूर तोलता येत नाही, पण जळण तोलता येते. पुढे ओझोनवरील कामासाठी नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झन आणि त्यांचे सहकारी सायलर यांनी १९८० साली मांडलेला गुणाकार आजही वापरतात: जळालेले क्षेत्र, हेक्टरी सुके जळण, त्यातला प्रत्यक्ष जळालेला वाटा आणि किलोभर जळणामागे निघणारा प्रदूषक. समजा, हेक्टरी ५ टन पाचोळा आहे आणि त्यातला ८० टक्के जळाला. उष्ण कटिबंधातील जंगलासाठी किलोमागे सुमारे ९ ग्रॅम सूक्ष्म कण (पीएम २.५) धरतात. म्हणजे एका हेक्टरातून ३६ किलो पीएम २.५ हवेत गेले.

क्षेत्र उपग्रह सांगतो. सुओमी एनपीपीवरील संवेदकाचा एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा. आग तापलेली असेल तर चौकोनाहून पुष्कळ लहान असली तरी तो टिपतो. पण एक अट: तो डोक्यावर असताना, म्हणजे दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास, ती पेटलेली हवी.

गाडी अडते ती कपाशीच्या शेतात. वेचणी संपली की पऱ्हाटी (कपाशीची उरलेली झाडे) उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग लावतात आणि संध्याकाळी पेटवतात. जळण साऱ्या वावराचे, पण राखेचा डाग खाटेएवढा. उपग्रह यायच्या आत आग विझलेली असते. त्यात पऱ्हाटी ओलसर असली तर ती भडकण्याऐवजी धुमसते. धुमसत्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड आणि सूक्ष्म कण जास्त निघतात.

इथे क्षेत्राचा गुणाकार सोडून पिकाचा धरावा लागतो: कापूस किती पिकला, त्यामागे पऱ्हाटी किती निघाली, चुलीत किती गेली आणि धुऱ्यावर किती जळाली. शेवटचा आकडा कोणत्याही उपग्रहाकडे नाही. तो शेतकऱ्याला ठाऊक असतो. पुढच्या वेळी कुणी वही घेऊन बांधावर आला, तर त्याला खरा आकडा सांगा.