अ‍ॅक्युपंक्चर-चिकित्सकाची जोडमिळकत



सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्येच अ‍ॅक्युपंक्चर शिकून १९५९ च्या सुमारास ती विद्या कोलकात्यास आणली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. शरीरातील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून वेदना शमविण्याची ही चिकित्सा आज अनेक गावांत चालते. महाराष्ट्राने तर २०१५ चा स्वतंत्र कायदा करून तिला मान्यता दिली आहे.

परंतु मान्यतेने पोट भरत नाही. स्वतंत्र दवाखाना थाटून बसलेल्या चिकित्सकाची अडचण साध्या अंकगणितात मांडता येते. रुग्णाची विचारपूस, तपासणी, सुया टोचणे, त्या वीस ते तीस मिनिटे राहू देणे आणि काढणे, यात जवळजवळ तास जातो. खाट एकच असेल तर दिवसाकाठी सात-आठ रुग्णांपलीकडे मजल जात नाही. जागेचे भाडे मात्र रुग्ण आला काय, न आला काय, द्यावेच लागते; आणि चिकित्सक स्वतः आजारी पडला की प्राप्ती तेथेच थांबते. तेव्हा जोडमिळकत शोधण्यात कमीपणा नाही. ती कोणत्या प्रकारची असावी, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मर्म मला माझ्या पेशामुळे कळते. शिक्षकाने लेखन करावे, भाषणे द्यावीत. त्याला कोणी नावे ठेवीत नाही. पण वर्गातल्याच मुलांची तो घरी पैसे घेऊन शिकवणी घेऊ लागला, की वर्गात हातचे राखून शिकवितो असा संशय येतो, आणि पालकाला नाही म्हणण्याची सोय उरत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना खाजगी शिकवण्या वर्ज्य केल्या आहेत. सुया टोचून घेऊन पडलेला रुग्ण त्या पालकाहूनही परस्वाधीन असतो.

आता निर्वेध मार्ग पाहू. पहिला मार्ग सुया अंगात असतानाच्या वेळेचा. त्या अर्ध्या तासात चिकित्सकाने जवळपास असावे लागते, पण त्याचे हात मोकळे असतात. अमेरिकेतील पोर्टलंड शहरी २००२ पासून चाललेल्या एका उपक्रमात रुग्णांना एकाच दालनात आरामखुर्च्यांवर बसवून, हातापायांच्या खालच्या भागात, कानांवर व डोक्यावर सुया लावतात आणि ऐपतीप्रमाणे अल्प शुल्क घेतात. उदाहरणादाखल, तासाला एका रुग्णाकडून सहाशे रुपये घेण्याऐवजी चौघांकडून दोनदोनशे घेतले, तर आठशे होतात. सुयांचा खर्च वाढतो हे खरे; पण ज्याला सहाशे परवडत नव्हते तोही दाराशी येतो.

दुसरा मार्ग दवाखान्याबाहेरचा. अस्थिरोगतज्ज्ञाच्या वा भौतिकोपचाराच्या दवाखान्यात, वृद्धाश्रमात किंवा कारखान्यात आठवड्यातून ठरावीक दिवशी बसावे आणि आपल्या कामाचे मानधन घ्यावे. मात्र रुग्ण पाठविण्याबद्दल दलाली देऊ नये. नोंदणीकृत डॉक्टरांना तर २००२ च्या आचारसंहितेनेच ती निषिद्ध ठरविली आहे.

तिसरा मार्ग शिकविण्याचा. सुई हाती देणे जोखमीचे असले, तरी बोटाने दाब देण्याचे काही बिंदू घरच्या माणसांनाही शिकविता येतात. मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मधोमध असलेला बिंदू घ्या. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ त्याच्या उत्तेजनाने कमी होते, असे चाचण्यांत आढळले आहे. अशा गोष्टींचे दोन तासांचे वर्ग शुल्क घेऊन चालविता येतात. आणि चौथा मार्ग अगदी सोपा: रिकाम्या वेळी आपली खोली योगशिक्षकास वा आहारतज्ज्ञास भाड्याने द्यावी.

याउलट काही वाटा सोप्या दिसतात, पण त्या निसरड्या असतात. सुया काढता काढता रुग्णाच्या हाती काढ्याची बाटली वा चुंबकाचा पट्टा देणे, ही त्यांतली एक. दुसरी आगाऊ पैशांची. दहा बैठकांचे पैसे एकदम घेतले, तरी आठ बैठका होईपर्यंत उरलेल्या दोहोंचे पैसे चिकित्सकाचे नसतात. ती रुग्णाची ठेव असते, आणि त्याने मागताच ती परत केली पाहिजे. बैठका किती असाव्यात यालाही माप हवे. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २०२० साली जुनाट कंबरदुखीसाठी असे माप घालून दिले. नव्वद दिवसांत बारा बैठका, गुण दिसला तर आणखी आठ, आणि वर्षात वीसहून अधिक नाहीत. गुण नसेल तर उपचार थांबवावा, हे त्यातले मोलाचे कलम. तिसरी वाट काटकसरीची. एकदा वापरलेली सुई दुसऱ्यास लावून वाचविलेला पैसा कावीळ वा एड्ससारख्या रोगाच्या रूपाने दुसऱ्याच्या घरी जाऊ शकतो. सुई एकदाच वापरावी आणि न भोसकणाऱ्या डब्यात टाकावी. येथे बचतीचा विचारच नको.

मग योग्य-अयोग्य ओळखावे कसे? मला एक साधी कसोटी सुचते. मिळकतीची प्रत्येक बाब, तिच्या दरासह, दवाखान्याच्या दाराशी पाटीवर लिहिता येईल काय? वर्गाचे शुल्क लिहिता येते, खोलीचे भाडे लिहिता येते, सामुदायिक बैठकीचा दरही लिहिता येतो. दलाली मात्र लिहिता येत नाही, आणि नको असलेली अकरावी बैठकही लिहिता येत नाही. जे पाटीवर लिहिताना हात अडखळतो, ते हिशेबाच्या वहीतही नसावे. कारण रुग्ण चिकित्सकापाशी येतो तो विश्वासाने, आणि तो एकदा उडाला तर कोणत्याही जोडधंद्याने भरून येत नाही.