*नावं अनेक, कूळ एक! डाळिंबाचा डीएनए काय सांगतो?*



रोपं आणायला गेलं की भगवा, शेंदरी, मस्तानी, अष्टगंधा अशी नावं कानावर पडतात. "ही जात वेगळी" म्हणून दरही वेगळा सांगतात. पण ही बहुतेक नावं एकट्या भगव्याचीच आहेत. मग खरं-खोटं कसं ओळखायचं? फळाचा रंग आणि आकार जमीन, पाणी, बहार यांप्रमाणे बदलतो. डीएनए मात्र बदलत नाही. शेताला घरातले काहीही नाव ठेवोत, गट नंबर तोच राहतो, तसंच हे.

🔬 *डीएनए मार्कर म्हणजे काय?*
कोवळ्या पानातून डीएनए काढतात. त्यात ठरावीक जागी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. समजा, एका झाडात ती १२ वेळा आली आणि दुसऱ्यात १५ वेळा, तर त्या जागी दोन्ही झाडं वेगळी. ही जागा म्हणजे मार्कर. अशा बऱ्याच जागा तपासल्या की कोण कोणाचं सख्खं आणि कोण दूरचं ते कळतं. फळ धरायची वाट बघावी लागत नाही.

🌳 *आपल्या बागांचं कूळ*
१९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी आळंदी जातीच्या झाडांतून एक निवड केली. तीच पुढे 'गणेश' झाली. गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून राहुरी कृषी विद्यापीठाने मृदुला, आरक्ता आणि भगवा दिले. म्हणजे तिघी सख्ख्या बहिणी! त्यात आपण लावतो गुटी कलम. गुटी म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. एक हजार झाडांची बाग दिसते, पण डीएनए बघितला तर झाड एकच.

⚠️ *यात धोका काय?*
एकसारखा माल मिळतो, हा फायदा आहेच. पण तेल्या आला की त्याच्यापुढे सगळी झाडं सारखीच कमजोर. एकाला लागला तर शेजारचं झाड अडवत नाही. म्हणून शास्त्रज्ञ कुळाबाहेरची झाडं शोधतात. हिमालयाच्या डोंगरात 'दारू' नावाचं आंबट रानडाळिंब आपोआप वाढतं. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ मध्ये दिलेल्या 'सोलापूर लाल' जातीत भगव्याबरोबर या दारूचंही रक्त आहे. तिच्या दाण्यात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त आहे. तेल्याला दाद न देणारी जात हवी असेल, तर तीही अशाच वेगळ्या झाडांच्या मदतीने घडवावी लागेल. ती झाडंच संपली तर संकर कशाशी करणार?

✅ *आपण काय करायचं?*
१) फक्त नावावर जादा पैसे मोजू नका. मातृवृक्षाची बाग स्वतः बघा आणि पक्कं बिल घ्या.
२) जात अस्सल आहे म्हणजे रोप निरोगी आहे असं नाही. मार्कर जात सांगतो, तेल्या आहे की नाही ते सांगत नाही. ती तपासणी वेगळी. तेल्या असलेल्या बागेतली गुटी फुकट मिळाली तरी नको.
३) छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर १ टक्का सोडियम हायपोक्लोराईटमध्ये बुडवा.
४) बांधावर, परसात बियांपासून आलेलं जुनं गावठी डाळिंब असेल तर सरसकट तोडू नका. बागेसोबत त्याचीही फवारणी करा, म्हणजे ते रोगाचं घर होणार नाही.
५) पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकरी स्वतः जपलेल्या जातीची नोंदणी करू शकतो.

📲 तुमच्याकडे असं वेगळं झाड असेल तर फळ, दाणे आणि पानांचा फोटो, झाडाचं अंदाजे वय आणि गावाचं नाव याच नंबरवर पाठवा. आपण कंपनीतर्फे यादी करू आणि संशोधन केंद्राला कळवू. तोडलेलं झाड परत आणता येत नाही, म्हणून कुऱ्हाड लावण्याआधी एक फोटो नक्की पाठवा.

— कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱