पापणीवरची लाल गाठ

तान्ह्या बाळाच्या पापणीवर लाल गाठ दिसली की आमच्या ओपीडीत आजी हमखास विचारते, "ग्रहणात हिनं काही चिरलं, म्हणून का हो?" नाही. आईच्या हातून काहीही घडलेलं नसतं, आणि हे मी मुद्दाम सासूच्या देखतच सांगते. ही हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींची साधी गाठ. कर्करोगाशी तिचा संबंध नाही. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती होते. मुलींना आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जास्त. जन्मतः बहुधा दिसत नाही, मग काही आठवड्यांत ठिपका उमटतो आणि भराभर फुगतो. बरीचशी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे काही वर्षांत ती हळूहळू ओसरते.

पाठीवर असेल तर मीही म्हणते, राहू द्या. पापणीवर असेल तर तसं म्हणवत नाही. "आपोआप जाईल" असं ऐकून सात-आठ महिन्यांनी आलेली बाळं पाहिली की जीव तुटतो. गाठीच्या भारानं पापणी उतरते, किंवा डोळ्यावर दाब येऊन सिलिंडरचा नंबर लागतो. मेंदू याच वयात बघायला शिकतो; धूसर दिसणाऱ्या डोळ्याकडे तो लक्ष देईनासा होतो. नंतर गाठ विरली तरी डोळा आळशीच राहतो.

अशा गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याची पद्धत १९८०च्या दशकात रुळली. ट्रायामसिनोलोन हे औषध दुधाळ असतं. कण तळाशी बसतात, म्हणून हलवूनच सिरिंजमध्ये घ्यायचं. बाळाला थोडा वेळ भूल, बारीक सुई, आणि दट्ट्या अगदी सावकाश. जोर लावला तर कण रक्तवाहिनीतून उलटे जाऊन डोळ्याच्या पडद्याची मुख्य धमनी बंद करू शकतात. हे क्वचित घडतं, पण गेलेली नजर परत येत नाही. कातडी पातळ होणं, पांढरा डाग, चरबी झडून पडलेला खळगा, हेही होऊ शकतं. शिवाय शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड काही काळ कमी बनतं. त्या दिवसांत बाळाला मोठं आजारपण आलं तर डॉक्टरांना इंजेक्शनचं आवर्जून सांगावं.

२००८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि सहकाऱ्यांनी एक नोंद प्रसिद्ध केली. नाकावरच्या गाठीसाठी पोटातून स्टिरॉइड घेणाऱ्या बाळाच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं, तर दुसऱ्याच दिवशी लालभडक गाठ जांभळट आणि मऊ! आज पापणीवरच्या गाठीलाही पहिली पसंती या पातळ औषधालाच. हृदयाचे ठोके, दम्याची लक्षणं तपासून ते सुरू करतात. ते दूध पाजतानाच किंवा पाजल्याबरोबर द्यायचं; बाळ पीत नसेल, ओकत असेल तर तो डोस वगळायचा, नाहीतर रक्तातली साखर उतरते.

तरी इंजेक्शन मी टाकाऊ मानत नाही. ज्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, किंवा गाठ एकाच जागी उठून आलेली आहे, अशा निवडक बाळांना ते उपयोगी पडतं.

दाखवायला पहिल्या महिन्यातच या. येताना मोबाइलमधले बारशापासूनचे फोटो आणा. गाठ किती वेगानं वाढतेय, हे त्यावरून चटकन कळतं.