चाळीस मिनिटांचा मृदंग

दिवा पूर्वेला एका वन-रूम-किचनमध्ये रात्री नऊनंतर एक मुलगी नाचाचं संगीत तयार करते आणि शेजारच्या खोलीतही त्याचा ठोका ऐकू जात नाही, हे कळलं म्हणून मी गेलो. दार उघडणाऱ्या तिच्या आईंनी हळूच सांगितलं, "बसा, पण आजी झोपल्यात." मुलगी ओट्याला टेकून जमिनीवर बसलेली. मांडीवर लॅपटॉप, कानांवर हेडफोन. मला ऐकू येत होती ती फक्त माऊसची टिकटिक, आणि दिसत होता तिचा ताल धरलेला उजवा पाय.

ती मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. सकाळची लोकल, कुर्ल्याहून कलिना, प्रॅक्टिकल, परतीची गर्दी, जेवण, जर्नल. "यातून चाळीस मिनिटं उरतात, दादा. चाळीसच." बी.एस्सी.ला असताना ती हळदीच्या कार्यक्रमांसाठी रीमिक्स करून द्यायची. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा सॉफ्टवेअर काढूनच टाकलं. मग फुरिये विश्लेषण शिकताना एका आवाजाची घटक कंपनं आलेखावर सुटी होऊन समोर आली आणि तिला गुहागरकडच्या जाखडी नाचातला मृदंग आठवला. त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर परत आलं.

मृदंग तिने गावी गणपतीत मोबाईलवर रेकॉर्ड केला आहे. अडचण अशी, की जाखडी एका लयीत राहत नाही. नाचणारे रंगात आले की वादक चढत जातो. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये मिनिटाला 96 ठोक्यांवर सुरू झालेला मृदंग शेवटी 124 वर पोचतो. सॉफ्टवेअर उघडलं की समोर येते ती मात्र सोळा घरांची ओळ आणि एकच ठरलेली गती. 1980 च्या रोलंड टीआर-808 या तालयंत्रावरही ठोक्यांच्या घरांसाठी सोळाच बटणं होती. मृदंग कापून त्या घरांत बसवणं सोपं, बरेचजण तेच करतात. ती उलटं करते. मृदंगाच्या प्रत्येक थापेवर खूण करायची, त्या खुणांवरून गतीची चढती रेषा काढायची आणि यंत्राला वादकामागून चालायला लावायचं. चाळीस मिनिटांत कधी जेमतेम आठ मात्रा होतात. त्या आठ मात्रांसाठी एकच थाप ती पुन्हा पुन्हा ऐकत होती, डोळे मिटून, खूण केसभर मागे घेत. मी नंतरही जात राहिलो तो हे पाहायला.

याला फावल्या वेळचा छंद म्हणायला माझं मन घेत नाही. असं काम आपल्याकडे आधीही झालंय, आणि ते उशिराच ओळखलं गेलं. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. तिथे काम करणाऱ्यांत जिनराज जोशीपुरा हा वास्तुकलेचा विद्यार्थी होता. तिथल्या ध्वनिफिती 2023 मध्ये अल्बम होऊन जगापुढे आल्या. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये त्याच 808 च्या तालावर राग वाजवले, त्याचं मोल जगाला कित्येक वर्षांनी कळलं. जोशीपुरांना संस्थेने खोली दिली होती, यंत्र दिलं होतं. या मुलीला दार लावून आवाज मोठा करता येईल अशी एक खोली विद्यापीठात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

स्वस्त हेडफोनमध्ये खर्जाचा खालचा भाग येतच नाही. तो ती आलेखावर डोळ्यांनी पाहते. खरी परीक्षा रविवारी दुपारी, ओळखीच्या साउंडवाल्याच्या गोदामात. तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा धुळकट वास, माणसाच्या उंचीचे बॉक्स. ट्रॅक लागला आणि पत्रा थरथरला. साउंडवाल्याने मान हलवली. "ताई, खाली गिचका होतोय."

झालं होतं असं, की मृदंगाची धूम आणि यंत्राचा किक, म्हणजे खर्जाचा ठोका, दोन्ही 80 हर्ट्‌झच्या आसपास एकमेकांवर पडत होते. तिने तिथेच लॅपटॉप उघडला. मृदंग थोडा दाबला तर भागेल, असं त्याने सुचवलं.

"मृदंग नाही दाबायचा. किक कापते."

कापला. पुन्हा लावला. आता मृदंगाचा प्रत्येक बोल सुटा आला आणि 124 ला पोचेपर्यंत साउंडवाल्याचा हात बॉक्सवर ताल धरत होता. शेवटच्या 32 मात्रा अजून बसवायच्या आहेत आणि सत्र परीक्षा तोंडावर आली आहे. केबल गुंडाळता गुंडाळता ती त्याला विचारत होती, पुढच्या रविवारी गोदाम मोकळं आहे का.